नायलॉनच्या जाळीवर चांदीचा मुलामा: एका प्रबंधाची अकरा महिन्यांची हकीकत

माझा एम.टेक.चा प्रबंध २०२४ च्या जुलैत पूर्ण झाला. विषय होता जखमेच्या ड्रेसिंगसाठी नायलॉनच्या धाग्यांवर चांदीचा जंतुरोधक थर. सुरुवात केली तेव्हा शोधनिबंध ढिगाने मिळाले. पण सिल्व्हर नायट्रेटची बाटली हातात यायला किती आठवडे जातात, कुठली चाचणी आधी करायची, रिपोर्ट नापास आला की पुढे काय, हे सांगणारं कुणी भेटलं नाही. यंदा कुणी असा विषय घेत असेल तर त्यांच्यासाठी हे तारखांसकट लिहून ठेवतेय. पैशांचे आकडे मी स्वतः भरलेले आहेत, तुमच्याकडे ते थोडे इकडेतिकडे होतील.

मी इचलकरंजीची. आमच्या शेजारचे काका सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावण्याच्या कारखान्यात, बॉयलरवर कामाला होते. २०१९ च्या मे महिन्यात वाफेने त्यांचा उजवा हात आणि छाती भाजली. दवाखान्यातून घरी सोडल्यावर रोज सकाळी ड्रेसिंग असायचं. आदल्या दिवशीचं पांढरं मलम, एक टक्का सिल्व्हर सल्फाडायझिन, पुसून काढायचं आणि नवीन लावायचं. गॉज जखमेला चिकटलेलं असायचं. सिस्टर सलाईनने ते भिजवत भिजवत सोडवायच्या, काकू एका बाजूने हात धरायच्या, मी दुसऱ्या बाजूने. काका दात आवळून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहायचे. त्या सिस्टर एकदा म्हणाल्या, "चांदीची जाळी मिळते गं, तीन-तीन दिवस काढावी लागत नाही. पण महाग आहे." ते वाक्य माझ्या डोक्यात राहून गेलं.

२१ ऑगस्ट २०२३ ला विषयाचं सादरीकरण झालं. गाईड सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "चांदीच का? आधी कारण सांग." त्यासाठी पंधरा दिवस वाचन केलं आणि ते पुढे तोंडी परीक्षेपर्यंत पुरलं. चांदीचा औषधी वापर फार जुना आहे. १८८० च्या सुमाराला जर्मनीत कार्ल क्रेडे यांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालायला सुरुवात केली आणि जन्मावेळच्या संसर्गाने येणारं अंधत्व कमी झालं. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात कार्ल नेगेली यांनी धातूंच्या अगदी सूक्ष्म मात्रेच्या जंतुनाशक परिणामाला नाव दिलं. भाजलेल्या जखमांवर अर्धा टक्का सिल्व्हर नायट्रेटच्या ओल्या पट्ट्या १९६५ च्या सुमाराला आल्या, आणि १९६८ मध्ये चार्ल्स फॉक्स यांनी सिल्व्हर सल्फाडायझिन आणलं. काकांच्या हातावरचं मलम तेच. नव्वदच्या दशकात कॅनडात रॉबर्ट बरेल यांनी पॉलिथिनच्या जाळीवर निर्वात पोकळीत चांदीचे अतिसूक्ष्म स्फटिक बसवले. दुसरी वाट नायलॉनच्या धाग्यावर रसायनाने चांदी चढवण्याची. त्याही पट्ट्या बाजारात आहेत.

धातूची चांदी जंतूंना फारसं काही करत नाही. ओलाव्यात तिच्यातून सुटणारे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, ते काम करतात. जंतूच्या प्रथिनांमधल्या गंधकाच्या गटांना हे आयन चिकटतात, आवरण फाडतात, आतलं कामकाज बंद पाडतात. म्हणजे धाग्यावरचा थर हा साठा, आणि खरा प्रश्न त्या साठ्यातून रोज किती सुटायचं हा. काकांची आठवण काढून सरांना सांगितलं, "मलम रोज धुऊन जातं म्हणून रोज बदलावं लागतं. साठा धाग्यावर राहिला तर पट्टी तीन दिवस हलवावी लागणार नाही." सर म्हणाले, "मग हेच प्रबंधाचं पहिलं वाक्य."

निर्वात पोकळीत थर चढवण्याचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. बीकर, गरम पाण्याचं भांडं आणि वाफा ओढून नेणारं धुराडं होतं. म्हणून रासायनिक मुलामा ठरला. धागा आधी स्वस्त म्हणून पॉलिएस्टर घ्यायचा विचार होता, पण तो पाण्यापासून लांब पळतो. त्याला आधी कॉस्टिकने खरवडावं लागतं. नायलॉनमधले अमाइड गट कथलाचे आयन चांगले धरून ठेवतात आणि त्यावर चांदीची बीजं बसतात. सुरतेच्या एका विणकाम कारखान्याला फोन केला. त्यांनी नायलॉन ६ ची बारीक जाळी, दोन मीटर, नुसत्या कुरिअर खर्चात पाठवली. फोन करायला लाजू नका, कारखानदार विद्यार्थ्यांना मनापासून मदत करतात.

सिल्व्हर नायट्रेटची मागणी २८ ऑगस्टला टाकली. कॉलेजच्या नियमाप्रमाणे तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, एचओडींची (विभागप्रमुखांची) सही, मग खरेदी समितीची बैठक. ती महिन्यातून एकदा. सप्टेंबरची बैठक गणपतीमुळे पुढे गेली. २५ ग्रॅमच्या दोन तपकिरी बाटल्या ६ ऑक्टोबरला आल्या. इतर रसायनं धरून नऊ हजार. एक सांगते, कोटेशनवर मुदत लिहिलेली असते आणि चांदीचा भाव हलत असल्याने ती पंधरा दिवसांचीच असते. माझी एक मुदत संपली आणि कोटेशन परत मागवावं लागलं. बैठकीची तारीख आधी विचारून त्याच्या आठवडाभर आधीचं कोटेशन घ्या.

बाटल्या स्टोअरच्या कुलूपबंद कपाटात ठेवल्या गेल्या. प्रत्येक वेळी किती ग्रॅम घेतले, कशासाठी, उरले किती, हे रजिस्टरात लिहून सही करायची. त्या वेळी हे फार जाचक वाटायचं. शेवटी त्याच रजिस्टरने मला तारलं, ते पुढे येईलच.

पहिला प्रयोग ११ ऑक्टोबरला. जाळीवर विणताना लागलेलं तेल असतं, ते साबणाच्या पाण्यात ६० अंशांवर अर्धा तास काढलं, नळाखाली खळखळून धुतली आणि चांदीच्या द्रावणात सोडली. द्रावण क्षणात दुधासारखं पांढरं. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतं, चांदीला ते भेटलं की सिल्व्हर क्लोराइडचा साका होतो. त्या एका बीकरात दोन ग्रॅम नायट्रेट गेलं. लॅबमधल्या मामांनी तेव्हा एक युक्ती शिकवली. शेवटच्या धुवणाचं पाणी परीक्षानळीत घ्यायचं, त्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकायचा. पाणी नितळ राहिलं तर पुढे जायचं, धुरकट झालं तर अजून डिस्टिल्ड वॉटर. त्या दिवसापासून एकही धुणं मी ही परीक्षा न घेता पुढे नेलं नाही.

ही क्लोराइडची गोष्ट फक्त लॅबची नाही. पॉलिथिनच्या जाळीवरच्या चांदीची ड्रेसिंगं लावण्याआधी निर्जंतुक पाण्याने ओली करायला सांगतात, सलाईनने नाही, त्याचं कारणही हेच. घरात कुणाला अशी पट्टी लावत असतील तर सिस्टरांना हे जरूर विचारा.

पुढची कृती अशी बसली. स्टॅनस क्लोराइड, म्हणजे कथलाचा क्षार, लिटरमागे दहा ग्रॅम, पण आधी हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायचं आणि मग पाणी, नाहीतर तेही गढूळ होतं. त्यात जाळी दहा मिनिटं. मग डिस्टिल्ड वॉटरने धुणं, थेंबाची परीक्षा. दुसऱ्या बीकरात सिल्व्हर नायट्रेट, त्यात अमोनिया थेंबाथेंबाने. आधी तपकिरी साका येतो, अजून थेंब घातले की तो विरघळून द्रावण पुन्हा नितळ होतं. तिथे हात थांबवायचा. मग जाळी आत, आणि वरून ग्लुकोजचं द्रावण.

१७ ऑक्टोबरला दुपारी पहिल्यांदा नीट जमलं. पांढरी जाळी आधी फिकट पिवळी झाली, जसं लिंबाच्या सालीचं पाणी लागावं. मिनिटभरात चहासारखी तपकिरी. मग राखाडी, आणि चौथ्या-पाचव्या मिनिटाला धाग्याधाग्यावर कथलाच्या भांड्यासारखी चमक. बीकरच्या काचेवरही आतून आरसा धरला होता. मामा शेजारी उभे होते, त्यात आमचे दोघांचे चेहरे दिसत होते. मी जाळी चिमट्याने उचलून मल्टिमीटरच्या दोन टोकांना लावली. कापड असून वीज वाहत होती.

इथे एक अत्यंत गंभीर सूचना. अमोनिया घातलेलं चांदीचं द्रावण कधीही साठवू नका, रात्रभर तर मुळीच नाही. ठेवल्यावर त्यात स्फोटक संयुग तयार होतं. काम झालं की लगेच विरल नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करायचं, मग मीठ घालून चांदी क्लोराइड म्हणून खाली बसवायची आणि वेगळ्या बरणीत जमा करायची. सरांनी मला पहिल्याच दिवशी हे लिहून, खाली सही करून घेतलं होतं. हातमोजे नायट्राइलचे, दोन जोड्या एकावर एक, आणि चष्मा कायम.

हातमोज्याला एकदा बारीक भोक पडलं तर ते कळलंही नाही. दुसऱ्या दिवशी उजव्या हाताची तीन बोटं काळी. चांदीचा डाग धुऊन जात नाही, कातडी बदलेल तेव्हाच जातो, माझा बारा दिवसांनी गेला. १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजनाला घरी होते. आत्याने बोटं बघून विचारलं, "हे काय गं, रंगकाम करतेस की काय?" काकू पलीकडच्या घरून फराळ घेऊन आल्या होत्या. मी सांगितलं, "काकांना लावायचे ना, त्या मलमातली चांदी आहे." त्या काही बोलल्या नाहीत, माझी बोटं हातात घेऊन बघत राहिल्या.

५ डिसेंबरला विद्यापीठाच्या उपकरण केंद्रात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा वेळ मिळाला. विद्यार्थी दर हवा असेल तर एचओडींचं शिक्क्याचं पत्र लागतं, मेलची प्रत चालत नाही. त्यासाठी एक खेप वाया गेली. चार नमुन्यांचे ३,२०० रुपये. मुलामा नसलेल्या नायलॉनवर त्यांना आधी सोन्याचा सूक्ष्म थर द्यावा लागतो, कारण त्यातून वीज वाहत नाही. चांदीच्या नमुन्यांना तो लागला नाही, हे त्यांना आधी सांगा. पडद्यावर धाग्यावर दाणेदार थर दिसला, पण काही ठिकाणी खवल्यांसारखा सुटलेला. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. तेव्हा चित्र सुंदर दिसतंय याचाच आनंद जास्त झाला. १८ डिसेंबरला पहिल्या टप्प्याची तोंडी परीक्षा बरी गेली.

जानेवारीपासून चाचण्यांचा आणि पैशांचा काळ सुरू झाला. गेट या प्रवेशपरीक्षेवर मिळणारी शिष्यवृत्ती तेव्हा महिन्याला १२,४०० रुपये होती, पण ती दोन-तीन महिन्यांनी एकदम यायची. प्रयोगशाळांना पैसे आगाऊ लागतात. कॉलेजच्या संशोधन साहाय्यातून ३०,००० मंजूर होते, तेही बिलं लावल्यावर परत मिळणार. मधल्या काळात पप्पांनी पैसे दिले. त्या महिन्यात यंत्रमागांना मंदी होती, आमच्या आठ मागांपैकी तीन बंद होते, तरी दिले. प्रत्येक पावती, जीएसटीच्या नंबरासकट कॉलेजच्या नावाने घ्या. स्वतःच्या नावाची पावती लेखा विभाग परत पाठवतो.

८ जानेवारीला तीन नमुने जंतुरोधक चाचणीला दिले. पद्धत एएटीसीसी १००, कापडाचा जंतुरोधकपणा मोजण्याची प्रमाणित पद्धत. त्यात ४.८ सेंटिमीटर व्यासाच्या चकत्या कापून त्यावर ठरावीक संख्येचे जंतू सोडतात, २४ तास ठेवतात आणि मग धुवून जिवंत किती उरले ते मोजतात. नमुन्यामागे साडेचार हजार, वर १८ टक्के जीएसटी, एकूण १५,९३०. फॉर्ममध्ये एक रकाना होता, ‘न्यूट्रलायझर’. मला त्याचा अर्थ नीट माहीत नव्हता, मी रिकामा सोडला.

२ फेब्रुवारीला रिपोर्ट आला, दोन्ही चांदीच्या नमुन्यांवर एकही जंतू जिवंत नाही. मी आनंदाने सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी रिपोर्ट वाचून विचारलं, "२४ तासांनंतर चांदी थांबवली कशाने?" तेव्हा उलगडा झाला. कापड धुताना चांदीही त्या पाण्यात उतरते आणि मोजणीच्या ताटलीत गेल्यावरही जंतू मारत राहते. मग आकडा कापडाचा राहत नाही. थायोग्लायकोलेटसारखं रसायन घालून चांदी आधी बांधून टाकावी लागते. चूक सर्वस्वी माझी होती. दोन नमुने पुन्हा, १०,६२०. २७ फेब्रुवारीला आलेल्या रिपोर्टमध्येही जंतू जवळजवळ संपले होते, पण आता तो आकडा खरा होता. तुम्ही तो रकाना रिकामा सोडू नका.

दरम्यान १२ फेब्रुवारीला एक नमुना पेशींवरच्या विषारीपणाच्या चाचणीला पाठवला होता. वैद्यकीय उपकरणांच्या जैविक तपासणीचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १०९९३, त्याच्या पाचव्या भागाप्रमाणे. उंदराच्या संयोजी ऊतीच्या एल ९२९ पेशी घेतात, पट्टी ३७ अंशांवर २४ तास द्रवात भिजवून तो अर्क पेशींवर घालतात. ७० टक्क्यांपेक्षा कमी पेशी जगल्या तर पदार्थ विषारी. नमुन्याचे सोळा हजार, जीएसटीसह १८,८८०. प्रयोगशाळेने विचारलं, निर्जंतुक कसा करून पाठवणार? इथिलीन ऑक्साइड वायू वापरला तर त्याचा अंश राहून त्यानेच पेशी मरू शकतात. गॅमा किरणांची सोय म्हणजे आपल्याकडे मुंबईत ट्रॉम्बेचा आयसोमेड प्रकल्प, १९७४ पासून वैद्यकीय वस्तू निर्जंतुक करणारा, पण माझ्या चार चकत्यांसाठी ते परवडणारं नव्हतं. मी ऑटोक्लेव्ह केला, म्हणजे दाबाखालच्या वाफेत ठेवला, १२१ अंश, १५ मिनिटं. जाळी आधी उष्णतेने स्थिर करून घ्या, नाहीतर ती आक्रसते आणि क्षेत्रफळाचं गणित चुकतं.

साडेपाच आठवडे थांबले. २२ मार्चला, शुक्रवारी, मेल आला. विषारी. शून्य ते चारच्या मापावर चार, म्हणजे जवळपास सगळ्या पेशी मेलेल्या.

मी हॉस्टेलवर जाऊन दिवे न लावता बसून राहिले. सात महिने ज्या चमकेच्या मागे होते ती जखमेला भरून आणणाऱ्या पेशीच मारत होती. आईला फोन केला तर ती म्हणाली, "आधी जेव, मग बोल." सोमवारी होळीची सुट्टी होती. मंगळवारी सरांकडे गेले. त्यांनी रिपोर्ट शांतपणे वाचला आणि म्हणाले, "तू जंतू मारायला निघालीस, जखमेचं विसरलीस. आता कमी कर. किती कमी, ते शोधणं हा तुझा प्रबंध." त्यांनी हेही समजावलं की चांदीची बरीच प्रचलित ड्रेसिंगं काचेतल्या पेशींवर कठोर ठरतात. खऱ्या जखमेत स्रावातलं क्लोराइड आणि प्रथिनं बरीचशी चांदी बांधून टाकतात. पण त्याच्या आड लपायचं नाही, आपला आकडा आपण खाली आणायचा.

सर्वांत आधी कापडावर चांदी आहे किती तेच मोजलं. नायट्रिक आम्लात विरघळवून, द्रावणातला धातू मोजणाऱ्या आयसीपी यंत्रावर सहा नमुने, सहा हजार रुपये. माझ्या चमकत्या जाळीवर १०० चौरस सेंटिमीटरमागे १८० मिलिग्रॅम चांदी निघाली. बाजारातल्या पट्ट्यांची प्रसिद्ध झालेली मापं वाचली तर आठ-दहा मिलिग्रॅमपासून काहीशे मिलिग्रॅमपर्यंत सगळं सापडतं. नुसता एकूण आकडा काही सांगत नाही. चांदी कुठल्या रूपात आहे आणि किती वेगाने सुटते, यावर सगळं अवलंबून. माझ्या थरात तर सुटे खवलेही होते, डिसेंबरमधल्या चित्रात दिसलेले. त्यांतलीच चांदी अर्कात एकदम उतरली असणार.

एप्रिलभर पुन्हा बीकर. द्रावण पातळ केलं, वेळ पंधरा मिनिटांवरून आधी पाच आणि मग दोन मिनिटांवर आणली. मुलाम्यानंतर अल्ट्रासोनिक बाथमध्ये (ध्वनिलहरींनी हादरवणाऱ्या पाण्यात) दहा मिनिटं, म्हणजे सैल बसलेली चांदी झडून जाते. दोन मिनिटांची जाळी चमकत नाही. ती चहाच्या डागासारखी तपकिरी दिसते, आणि मला तिला यश म्हणणं सुरुवातीला जड गेलं. दोन नमुने निवडले, एकावर ४० मिलिग्रॅम, दुसऱ्यावर १४.

त्याच एप्रिलमध्ये घरी गेले होते तेव्हा काकूंनी एक पट्टी मागितली. त्यांच्या आईच्या पायाला मधुमेहाची जखम झाली होती. "तू एवढं शिकतेस, एक तुकडा दे की." मला नाही म्हणावं लागलं, आणि ते या वर्षातलं सर्वांत अवघड काम होतं. जाळी निर्जंतुक नव्हती, माणसावर तपासलेली नव्हती, पहिल्या तुकड्याने पेशी मारल्या होत्या. शिवाय वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम आहेत, १ जानेवारी २०१८ पासून लागू. ड्रेसिंगही त्यात येतं. जोखमीप्रमाणे ए ते डी असे वर्ग आहेत. ए आणि बीचा उत्पादन परवाना राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं, सी आणि डीचा केंद्र. नुसत्या चाचणीपुरते थोडे नग बनवायचे तरी एमडी-१२ अर्ज करून एमडी-१३ परवानगी घ्यावी लागते. काकूंना एवढं सगळं सांगितलं नाही. आजींना घेऊन मधुमेही पायाच्या डॉक्टरांकडे मीच बरोबर गेले. तिथे आधी साखर आणि पायावरचा भार यावरच उपचार सुरू झाले.

मे महिन्यात विद्यापीठाच्या जैवतंत्रज्ञान विभागातल्या एका मॅडमनी पेशींची चाचणी त्यांच्याकडे करू दिली. पेशी त्यांनी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून आणलेल्या होत्या. मला फक्त साहित्याचे आठ हजार द्यावे लागले. हे मला आधी सुचलं असतं तर बरेच पैसे वाचले असते. प्राथमिक चाचणी विद्यापीठात करा, बाहेरच्या प्रयोगशाळेचा शिक्का शेवटच्या नमुन्यासाठी राखून ठेवा. २१ मेला त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून बघायला बोलावलं. ४० मिलिग्रॅमच्या ताटलीत बऱ्याच पेशी गोल होऊन सुटल्या होत्या. १४ मिलिग्रॅमच्या ताटलीत त्या तळाला धरून, दोन्ही टोकांना निमुळत्या, एकमेकींना लागून पसरलेल्या. मी परत परत बघत होते, मॅडमनी शेवटी खुर्ची दिली. जगलेल्या पेशी पहिल्यात ६१ टक्के, दुसऱ्यात ८२.

१४ मिलिग्रॅमवर जंतू मरतात का, हे अजून बाकी होतं. पुन्हा १०,६२०, या वेळी न्यूट्रलायझरचा रकाना भरून. १२ जूनला रिपोर्ट आला. चाचणीतल्या दोन जंतूंपैकी क्लेबसिएला चार लॉगने कमी, स्टॅफिलोकोकस तीन लॉगच्या किंचित खाली. तीन लॉग म्हणजे हजारातला एक जंतू उरणं. स्टॅफिलोकोकसची भिंत जाड असल्याने चांदीला तो थोडा जास्त वेळ तग धरतो. फेब्रुवारीच्या रिपोर्टपेक्षा आकडे कमी होते आणि मला ते जास्त प्रिय वाटले. सगळा खर्च मिळून ८२,२५० झाला, त्यातले ३०,००० कॉलेजने दिले.

२८ जूनला प्रबंध जमा केला. पाच प्रती, साहित्यचोरी तपासणीचा दाखला, मार्गदर्शकांचं प्रमाणपत्र, लेखा विभागाची पावती. दाखल्यासाठी ग्रंथालयात तीन दिवस रांग होती, ते धरून चाला.

११ जुलैला तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कृतीवर फारसं विचारलं नाही. ते म्हणाले, "चांदीने जखम लवकर भरते का?" मी नाही म्हणाले. इंग्लंडमधली २००९ ची व्हल्कन चाचणी सांगितली. पायाच्या शिरांच्या जखमा असलेले २१३ रुग्ण होते, आणि चांदीच्या व साध्या पट्टीत बारा आठवड्यांत जखम भरण्यात ठळक फरक दिसला नव्हता. २०१२ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीत चांदीची पट्टी दोन आठवडे लावून पुन्हा विचार करायला सांगितलं आहे, तेही सांगितलं. संसर्ग आहे किंवा होण्याचा धोका मोठा आहे तिथे, ठरावीक काळ, एवढंच तिचं काम. मग त्यांनी जंतू सरावतात का विचारलं. १९७५ मध्ये बॉस्टनच्या एका रुग्णालयातल्या भाजलेल्यांच्या कक्षात सिल्व्हर नायट्रेटला दाद न देणारा साल्मोनेला जंतू सापडला होता, हे माझ्या टिपणात होतं. "म्हणून ती सगळ्या जखमांना सरसकट लावायची नाही," असं म्हणताना माझा आवाज पहिल्यांदा स्थिर होता. पाऊण तासात संपलं.

राहिला होता नो ड्यूजचा, म्हणजे कॉलेजचं काही देणं बाकी नसल्याचा फॉर्म. ग्रंथालय, हॉस्टेल, जिमखाना सगळ्यांच्या सह्या झाल्या, स्टोअरची अडली. स्टोअरच्या सरांनी रजिस्टर उघडलं. ५० ग्रॅम नायट्रेट म्हणजे जवळपास ३२ ग्रॅम चांदी, तिचा हिशोब द्या. मग १९ जुलैला त्यांच्या टेबलावर आम्ही दोघं बसलो. उरलेलं ३.२ ग्रॅम नायट्रेट वजन करून बाटलीत परत. कापडावर किती, ते आयसीपीच्या कागदावरून. बीकरच्या आरशात गेलेली, नायट्रिक आम्लाने उतरवून बरणीत आलेली. मामांनी ती बरणी आतून आणून ठेवली. तळाशी बसलेला साका वर्षभर उजेड लागून जांभळट काळा झाला होता. स्टोअरच्या सरांनी बरणीवर माझं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी लावली, पुढच्या वर्षीच्या मुलांना चांदी परत काढायला शिकवायची म्हणून कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि माझ्या फॉर्मवर सही केली.